जीवजंतूंना अभय

एका जंगलात नळ आला. बाळांनो, हसू नका, आधी पुढचं ऐका. वरच्या तळ्यापासून थेट प्रत्येकाच्या दारापर्यंत नळी टाकली. सिंहमहाराजांनी नारळ फोडला, माकडांनी टाळ्या वाजवल्या आणि खोबरं प्रधान गेंड्यानं घरी नेलं.

नळी चांगलीच होती हो. पण ती जायची रानडुकराच्या डबक्यातून. त्यात तो सहकुटुंब लोळायचा आणि लोळता लोळता बाकीचंही उरकायचा. नेमकं तिथंच नळीला भोक पडलं. मग नळाला जे यायला लागलं, त्याला पाणी म्हणायचं तर पाण्याची माफी मागावी लागेल. वास असा, की तरससुद्धा नाक मुरडायचं.

भागाबाई हरणीचं पाडस, ठकू, ते पाणी प्यायलं आणि आजारी पडलं. जुलाब थांबेनात. डोळे खोल गेले. उभं राहायला गेलं की पाय फाकायचे. एकुलतं एक लेकरू हो!

अस्वलवैद्य आले. त्यांनी ठकूचं पोट दाबलं, मग नळाजवळ जाऊन स्वतःचं नाक दाबलं.

"भागाबाई, पाण्यात जंतू आहेत. चांगलं खळखळा उकळा, निवलं की मीठ-साखर घालून पाजत राहा. नाहीतर पोर हातचं जाईल."

भागाबाईनं लगेच चूल पेटवली. धूर पाहून प्रधान गेंडा आला.

"काय शिजतंय?"

"पाणी उकळतेय, प्रधानजी. जंतू मारायला."

"मारायला?" गेंडा किंचाळला. "अहो बाई, नळाशेजारची पाटी वाचली नाही?"

पाटीवर लिहिलं होतं, 'या राज्यात सर्व जीवजंतूंना अभय आहे. हुकुमावरून.'

आता तुम्हाला-मला कळतं, की पाटीवरचे जीवजंतू म्हणजे हरणं, ससे, मुंग्या. पण प्रधान पडला कायद्याचा गेंडा. त्यानं मडकं चुलीवरून उतरवलं आणि भागाबाईला दरबारात उभं केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"हे जंतू दिसतात कसे?" महाराजांनी विचारलं.

"दिसतच नाहीत, महाराज."

"अरेरे! इतकी गरीब प्रजा, की कुणाला दिसतसुद्धा नाही!" महाराजांचे डोळे भरून आले.

"मग ते भोक तरी बुजवा, महाराज," भागाबाई हात जोडून म्हणाली. "रानडुकराच्या डबक्यात नळी फुटलीय. माझं पोर चाललंय हो!"

सगळ्या दरबारानं प्रधानांकडे पाहिलं. रानडुक्कर प्रधानांचा व्याही होता. पाणी मुरत होतं ते तिथं.

"भोक बुजवलं तर बिचाऱ्या जंतूंनी यायचं कुठून?" गेंडा म्हणाला.

तेवढ्यात बगळा पुढे झाला. पांढरास्वच्छ, एका पायावर, मान लववून. तो फिल्टर विकायचा.

"महाराज, माझ्याकडे दोन तऱ्हा आहेत. एकात दिवा असतो. त्याच्या उजेडात जंतू मरतात."

"खुनी!" दरबार ओरडला.

"म्हणूनच दुसरा घ्या. त्यात नुसता कोळसा. तो वास तेवढा घालवतो. जंतूंच्या केसालाही धक्का लागत नाही."

"व्वा! फिल्टर असावा तर असा," महाराज म्हणाले.

घरोघर फिल्टर लागले. आपल्या पाण्यात काय आहे आणि फिल्टर काढतो काय, हे कुणी विचारलं नाही. माकडानं लाल घेतला, कारण सांबरानं निळा घेतला होता. मोरानं पिसाऱ्याला शोभेल असा शोधून आणला. मग फिल्टरला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि पहिला पेला हुंगून पाहिला. वासच नाही! पूर्वी वासापायी तरी दोन घोट कमी जायचे. आता सगळे पोटभर प्यायले, आणि सगळ्या जंगलात तांब्या घेऊन पळापळ सुरू झाली. महाराज सिंहासनावर कमी आणि झुडपामागे जास्त दिसू लागले.

इकडे ठकू डोळेही उघडेना. भागाबाई आधी रडली, मग चिडली, आणि चिडल्यावर तिला सुचलं. तिनं भर अंगणात चूल मांडली आणि आधण ठेवलं.

गेंडा धावत आला. "पुन्हा पाणी?"

"छे हो! चहा टाकलाय. या ना, बसा. घोटभर घेऊनच जा."

बाळांनो, चहाला नाही म्हणणारा प्रधान अजून जन्मायचाय. गेंडा फतकल मारून बसला. त्यानं कपात डोकावून पाहिलं.

"पत्ती दिसत नाही ती?"

"संपलीय बघा."

"दूध?"

"ठकूला पचत नाही."

गेंड्यानं बशीत ओतून फुर्र केलं. "खारट लागतोय जरा."

"आमच्या माहेरची पद्धत आहे."

"असं होय! मग ठीक आहे," म्हणत त्यानं आणखी अर्धा कप मागून घेतला.

भागाबाईनं तोच चहा ठकूला चमच्या-चमच्यानं पाजला. पाजत राहिली. ठकूनं डोळे उघडले, मग मान उचलली, मग धडपडत उठून आईला ढुशी दिली. भागाबाईला हुंदका आवरेना. त्या ढुशीसाठी तिनं जंगलभर खोटं सांगितलं असतं, आणि मी म्हणतो, सांगावंच.

शेजारणींनी विचारलं. तिनं एकेकीच्या कानात सांगितलं. मग काय, घरोघर 'माहेरचा चहा' सुरू झाला. महाराणींनाही एकाएकी माहेर आठवलं. सगळ्यांचे जुलाब थांबले.

लगेच दरबार भरला. "फिल्टरचा गुण आला!" असं जाहीर झालं. बगळ्याला 'जलभूषण' पदवी मिळाली. रानडुकराच्या डबक्याला कुंपण घालून त्याचं 'जंतू अभयारण्य' करण्यात आलं. भागाबाईनं मागच्या रांगेतून जोरात टाळ्या वाजवल्या, आणि उशीर झाला म्हणून लगबगीनं घरी गेली. चुलीवर चहा होता.

तात्पर्य : खरं कधी लपवू नये. भर अंगणात उकळावं, आणि कुणी विचारलं तर चहा म्हणावं.