दोन चुलींची आमटी

मल्लिनाथअण्णांच्या तोंडात आजचा घास असतो आणि डोक्यात परवाची भाजी. सोलापुरात होटगी रोडला आम्ही शेजारी. सकाळी फाटकाशी भेटले की तब्येतपाण्याच्या आधी विचारतात, "उद्या रात्री तुमच्यात काय?"

"अजून ठरलं नाही, अण्णा."

"ठरलं न्हाय? मग झोप कशी लागतीय वो तुमाला?"

एकदा सुटका व्हावी म्हणून मी "भरलं वांगं" असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गृहस्थ वास घेत दारात हजर. आमच्याकडं खिचडी शिजत होती. "शब्द म्हंजे शब्द असतोय की," म्हणून जे गेले ते चार दिवस फाटकाशी फिरकले नाहीत. मला बरंच वाटलं.

आयुष्यभर ते टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. उद्या मागावर काय चढणार ते आज ठरलेलं पाहिजे, ही तिथली शिस्त. कारखाना सुटला आणि शिस्त स्वयंपाकघरात शिरली.

अण्णांची बायको होती तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. ती गेली आणि वर्षाच्या आत दोन्ही सुनांचं बिनसलं. कशावरून, ते आता त्यांनाही धड सांगता येणार नाही. थोरली शिवलीला वरच्या मजल्यावर गेली, धाकटी गीता खाली राहिली. चुली दोन झाल्या आणि जावाजावांचं बोलणं बंद झालं. सासऱ्याचा शब्द मोडायचा नाही, एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत होतं.

त्यामुळे रात्रीचं जेवण अजूनही अण्णाच ठरवायचे, पण फार तिरपागडं. भाकरी वर, तर पिठलं खाली. धपाटे खाली, तर दही वर. कुठल्याच चुलीवर पुरं जेवण नाही. मग एकीनं पातेलं जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचं आणि ती आत गेली की दुसरीनं येऊन उचलायचं. म्हाताऱ्याला साठी बुद्धी नाठी झाली, असं मी बायकोला सांगायचो.

परवाच्या रविवारी अण्णांनी पुरणपोळी ठरवली. पुरण वर, येळवण्याची आमटी खाली. पुरणाची डाळ शिजली की जे पाणी निथळतं, त्याचीच ही आमटी. म्हणजे वरून पाणी आल्याशिवाय खालची फोडणी पडायची नाही. मला जेवायचं आवतण होतं, म्हणून मी व्हरांड्यात अण्णांजवळ बसलो होतो. पातेलं ठरल्याप्रमाणे पायरीवर आलं, गीतानं नेलं, फोडणीचा ठसका आला. आणि थोड्या वेळानं खालून आवाज उठला.

"अक्का! येळवण्यात मीठ घातलं हुतं तर सांगायचं की!"

वरून उत्तर आलं, "तू इचारलीस का मला?"

"कसं इचारू? आता लई खारट झालीय, पावणे बसल्यात भाईर!"

शिवलीला पिठाच्या हातानं धाडधाड जिना उतरली, ती थेट खालच्या स्वयंपाकघरात. "बटाटा टाक आदी. सरक, मी बघते. एवढं मीठ घालतंय का कोण?"

"मग तुमी कशाला घातलाव?"

भांडण पेटलं. मी मध्यस्थीला उठलो, तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

"बसा की. भांडू द्या."

"अहो अण्णा, पण..."

"ही गेल्यापासनं दोघींचा आवाज एका खोलीतनं आला न्हवता वो." त्यांचे डोळे भरले होते. मी परत खाली बसलो.

आतला आवाज हळूहळू खाली आला. डबे उघडल्याझाकल्याचा आवाज होत होता. शिवलीला म्हणाली, "चिंच कुटं हाय गं?"

"आत्याबाई ठिवायच्या तितंच हाय की."

आत सासूच्या जागेवरची बरणी खाली उतरल्याचं ऐकू आलं. अण्णा दाराकडं बघत होते. माझं मनगट तेवढं त्यांनी सोडलं नाही.