सोमा निरगुडा हजर होता

अर्जदार: सोमा पांडू निरगुडा, वय अंदाजे पन्नास, राहणार खर्डीच्या पुढील वाडी. साक्षीदार क्रमांक एक: हौसाबाई, कचेरीच्या फाटकाशी चहाची टपरी. साक्षीदार क्रमांक दोन: मी स्वतः, त्याच कचेरीबाहेर चिंचेखाली बावीस वर्षे अर्ज लिहिणारा. प्रकार घडला गेल्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. सदर सोमा सुनावणीच्या दारापासून दोन हातांवर, बाकावर बसलेला असताना शिपायाने त्याच्या नावाचा दोनदा पुकारा केला, सोमा उठला नाही, आणि कागदावर शेरा पडला: 'अर्जदार गैरहजर. अर्ज निकाली.'

कचेरीचे नाव मी येथे घेत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

सोमा बहिरा नाही, हे प्रथम नमूद करतो. टपरीवर कपबशी ठेवल्याचा आवाज त्याला चिंचेखालून ऐकू येतो. अडचण एवढीच की दोन हाकांना तो ओ देत नाही. आमच्याकडे रानात एक पथ्य आहे. कोणी न दिसता नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, कारण भुताला दोनच हाका मारता येतात. तिसरी फक्त जिवंत माणूस मारतो. हे पथ्य सगळी वाडी पाळते, पण रानात पाळते. सोमा ते बाजारात, रस्त्यावर आणि सरकारी आवारात पाळतो. कारण विचारले की एकच उत्तर: "तिसरी येऊं दे."

याचे परिणाम मी डोळ्यांनी पाहिले आहेत. खर्डी स्टेशनाबाहेर रिक्षावाला "काका, येताव का" असे दोनदा विचारतो आणि निघून जातो. सोमा भर उन्हात पायी वाडी गाठतो. मोबाइल दोनदा वाजून बंद पडला, तर तो त्याकडे शांतपणे पाहत राहतो. सख्ख्या पुतणीच्या लग्नाच्या एकाही फोटोत सोमा नाही, कारण फोटोवाला कोणालाच दोनदापेक्षा जास्त बोलावत नाही.

हौसाबाईचे आणि त्याचे तर रोजचे आहे.

"सोमाभाव, च्या घे. सोमाभाव, च्या. अरे सोमाभाव, साय धरली त्याच्यावं. तुला च्या देनारी मी काय हडळ हाय का रे?"

"ते मला काय ठावं? आता तिसरी आली, आन इकडं."

तिसऱ्या हाकेला मात्र तो असा चटकन उठतो की जणू सकाळपासून तेवढ्याचसाठी बसला होता.

आता मूळ अर्जाविषयी. आमच्या भागात नुसते 'गड' म्हटले तरी कोणता ते समजते. त्या गडाच्या पायथ्याला एका सहल मंडळाने फलक लावला आहे. त्यावर मोकळ्या केसांच्या बाईचे चित्र, आणि खाली मजकूर: 'सावधान. काही वर्षांपूर्वी रानभाजीला आलेली एक बाई वरच्या टाक्यात बुडाली. तीच हडळ होऊन दोनदा हाक मारते.' गडावर पूर्वी राजेरजवाडे राहिले, तटबंदी आहे, पाण्याची कोरीव टाकी आहेत. त्यांबद्दल फलकावर अक्षर नाही. रविवारी शहरातली मुले टाक्याशी उभी राहून एकमेकांच्या नावाने दोन-दोन हाका मारतात, मोबाइलवर चित्रण करतात आणि हसतात. शिकलेल्या माणसांनी असे वागावे, याचा मला मनस्वी संताप येतो.

सोमा माझ्याकडे आला तो हा फलक काढवण्यासाठी. मी विचारले, "मयत बाईशी तुझा संबंध काय?" तो म्हणाला, "वाडीचा मानूस." मी 'सार्वजनिक हित' असे लिहिले. अर्ज दोन पानी, एकही खाडाखोड नाही. अशा अर्जावर गैरहजेरीचा शेरा पडल्याचे कळताच मी चष्मा न काढता तसाच आत गेलो.

"माणूस दारात बसला आहे," मी शिपायाला म्हणालो.

"बसलाय ना. मी त्याच्या तोंडाकडं बघून दोनदा बोंबललो, भाऊ. त्यानंपन माझ्याकडं बघितलं. आता काय त्याला ओवाळू?"

बाहेर येऊन मी सोमाला फैलावर घेतले. बावीस वर्षांत माझा एकही अर्ज असा गेलेला नाही, हे त्याला ऐकवले. "तुला काय वाटले, शिपाई भूत आहे?"

"नाय. शिपाई हाय, ते दिसत व्हतं."

"मग ओ का दिली नाहीस?"

त्याने हातातली बशी खाली ठेवली.

"भाऊ, त्या फलकावरली बाई माझी बायको. काशी."

हौसाबाईने स्टोव्ह बारीक केला.

"दोघं गेलतो भाजीला. दुपारचंच धुकं उतरलं, हात दिसंना. मी टाक्याच्या वरल्या अंगाला भारंगी खुडत व्हतो. खालून हाक आली, 'सोमा'. मंग परत आली, 'सोमा'. काशीनं उभ्या जल्मात माझं नाव घेतलं नवतं, भाऊ. 'अवो' म्हनायची. बायको नवऱ्याचं नाव घेते का? मी म्हनलं, ही काशी नव्हं. तिसरी येऊं दे."

त्याने बशी बोटाने जराशी सरकवली.

"तिसरी आली नाय."

मी चष्मा काढून पुसला. मग म्हणालो, "अरे, पण आता तरी हे सोड."

"शिपायाला दुसऱ्या हाकेला ओ देऊ, आन तिला दिली नाय? तिला काय सांगू मी?" मग खाली बघत म्हणाला, "फलकवाल्यांनी मागनं लिवलं, भाऊ. तिला हडळ पयला मीच म्हनलो."

तरी मी नवा अर्ज लिहिला आहे. त्यात 'सार्वजनिक हित' खोडून 'मयताचा पती' असे नमूद केले आहे. माझ्या अर्जातली ही पहिली खाडाखोड. ती तशीच ठेवली आहे. हौसाबाई आता चहा देताना तिन्ही हाका एका दमात मारते. टपरीवरच्या बाईला जे जमते ते कचेरीला जड जाऊ नये.

सबब विनंती की, सदर शेरा रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीस घ्यावे, फलक उतरवावा, आणि पुकाऱ्याच्या वेळी अर्जदाराचे नाव तीन वेळा घ्यावे. काय ठरले ते लेखी कळवावे. तोपर्यंत अर्जदार दाराजवळच्या बाकावर हजर आहे, आणि ऐकत आहे.