लोखंडाला थंडी वाजती

एकोणीसशे ब्याऐंशी साल, माझं वय अठ्ठावन्न. त्या हिवाळ्यात आमचा शेजारी लिंबाजी नुसत्या बंडीवर कुडकुडत बसायचा, आणि त्याची एकुलती धड गोधडी अंगणातल्या लोखंडी पिंजऱ्यावर पांघरलेली असायची.

"लिंब्या, गोधडी तुला शिवलीय का पिंजऱ्याला?" मी विचारायचो.

"मला वाजली थंडी तर मी बोंबलीन. लोखंडाला थंडी वाजती तवा ते बोलत न्हाई, आखडून बसतंय."

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अजून फिरतं. मी काही लिहिणारा माणूस न्हाई. दुसरीत मास्तरनं कान पिळला, त्या दिवशी शाळा सोडली ती सोडली. पण ह्या माणसावर दुसऱ्या कुणी लिहिलं तर गोड गोड लिहील, आणि तो गोड माणूस नव्हता. म्हणून मीच बसलो.

लिंबाजीचं डोकं तांब्याच्या बुडासारखं गुळगुळीत. निजामाच्या राज्यात पोरवयात तो चावडीवर पाणी भरायला होता. तिथून पगार काही आणला न्हाई, उर्दू मात्र पोतंभर आणली. गाय दावणीला बांधली तरी म्हणायचा, "बंदोबस्त मुकम्मल!" शेजारणीनं मीठ मागितलं तर म्हणायचा, "दरख्वास्त मंजूर."

त्याचा एकच दुश्मन होता. नवा जिल्हा. त्याच साली उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, लिंबाजीनं पेढा कुत्र्याला टाकला. विहीर आटली की म्हणायचा, "नवा जिल्हा!" दात दुखला, "नवा जिल्हा!" एकदा त्याच्या धोतरात विंचू निघाला. विंचवाला चपलेनं मारता मारता ओरडला, "हा बी लातूरहूनच आला आसंल!"

हसणारे हसायचे. मला हसू येत नव्हतं, कारण त्या साली हसण्यासारखं आमच्या घरात काही नव्हतं. मृगात चार शिंतोडे पडले, पुढं आभाळ कोरडं ठण्ण. बैल उदगीरच्या बाजारात गेले, शेळ्या गेल्या. उरल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे बायकोच्या, कोंबड्या. बाजारच्या दिवशी अंडी जायची तवा मीठ-मिरची यायची. खोटं कशाला बोलू, त्या हिवाळ्यात मी गडी माणूस कोंबड्यांच्या जिवावर जगून राहिलो होतो.

आणि त्यात हे रानमांजर आलं. रानात ससा न्हाई, तितर न्हाई, मग ते ओढ्यातून वर सरकलं. लिंबाजीचं घर ओढ्याकडचं शेवटचं, त्याच्याआधी माझं. दोन-चार दिवसाआड माझ्या अंगणात नुसती पिसं.

आसपासच्या गावांत मिळून एक पिंजरा होता. ज्या गावाला गरज, तिथं बैलगाडीतून यायचा, काम झालं की पुढच्या गावाला जायचा. तो आमच्याकडं आला आणि वाटेवर म्हणून लिंबाजीच्या अंगणात ठेवला. साधं काम. आत आकड्याला वशाट, मांसाचा तुकडा, लटकवायचं. मांजरानं ओढलं की आकडा सुटतो आणि पत्र्याचं दार दोन बाजूंच्या खाचांतून खाली पडतं. लिंबाजीनं छातीवर हात मारला, "मेरी जिम्मेदारी!"

पहिल्या सकाळी वशाट गायब, आकडा सुटलेला, दार वरच लटकलेलं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच, आणि वर माझी एक कोंबडी गेलेली.

दुपारी करून बघावं तर दार खटकन पडायचं. लिंबाजी सगळ्यांना बोलावून दाखवायचा. हणमंता लोहारानं पत्रा ठोकून बघितला, खाचांतून कानस फिरवली. "पत्र्यात खोट न्हाई," म्हणाला.

"मी काय सांगून राहिलो?" लिंबाजी म्हणायचा. "लोखंडाला थंडी वाजती. नवा जिल्हा झाला तवापासून थंडी बी वाढली."

थंडी होती, हे खरं. हांडा धरला तर बोटं चिकटतात का काय, असं वाटायचं. मग रोज दिवस उगवायला आम्ही उरलीसुरली म्हातारी त्याच्या अंगणात जमायचो. तो तुऱ्हाट्यांची, तुरीच्या वाळक्या काड्यांची, शेकोटी करायचा, गुळाचा कोरा चहा ठेवायचा. निखारे पत्र्याजवळ धरायचे आणि दार सैल होईस्तोवर बसायचं. कुणी म्हणायचं राख लावा, कुणी म्हणायचं पिंजऱ्याचं तोंड उगवतीला करा. हणमंता लिंबाजीला म्हणाला, "आप्पा, पिंजऱ्याला स्वेटर विणा." लिंबाजी सगळ्यांत खुश. कान तुटलेले कप भरायचा आणि म्हणायचा, "बसा, बसा, लोखंड आजून गार हाय."

तरणं माणूस गावात उरलंच नव्हतं. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या बांधायच्या होत्या, सगळे लातूरला विटा-वाळू उचलायला गेले. लिंबाजीचा लेकही बायकोपोरं घेऊन गेला. दिवाळीला येतो म्हणाला होता; दिवाळी कवाच होऊन गेली.

मग एका सकाळी माझ्या मंडळीची तांबडी गेली. तांबडी म्हणजे रोज अंडं देणारी. मंडळी पिसं ओच्यात घेऊन उभी राहिली. "जावा, शेकत बसा तुमी. लिंबाजी भावजीचा च्या बी गरम, मांजराचं पोट बी गरम."

मी तणतणत गेलो. त्या दिवशी बाकीचे दार सैल व्हायच्या आधीच चहा पिऊन उठले होते, लिंबाजी आत कप धूत होता. मी दाराच्या खाचेत बोट घातलं. मेणबत्तीसारखं पांढरं, घट्ट काहीतरी बोटाला लागलं. शेकोटीवर धरलं तर विरघळलं. वास घेतला. पोरीबाळींच्या वेणीचा वास!

खोबरेल. आमच्याकडं थंडीत पोरीची वेणी घालायची तर आधी बाटली उन्हात ठेवतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की खोबरेल गोठतं. आणि आमचा मुलूख करडीचा! करडीचं तेल कितीही थंडी पडू दे, वाहतं ते वाहतंच. हा पठ्ठ्या सांजच्याला खाचा खोबरेलानं भरून ठेवायचा. गारव्यानं ते धरायचं, उन्हानं सुटायचं.

आत कोनाड्यात बाटली होती. लिंबाजीची सून लातूरला जाताना विसरलेली. मी ती त्याच्या टकलासमोर धरली.

"हे कुठं लावतोस रं? डोक्यावर एक केस दाखव!"

तो कप पुसत राहिला.

"माझ्या कोंबड्या गेल्या, लिंब्या! घरात मीठ न्हाई! आणि तू तेल लावून मांजर पोसून राहिलास? कशासाठी?"

"वरडू नगं. मांजर धरलं की पिंजरा जाईल."

"जाऊ दे की! त्याच्यासाठीच तर आणला!"

"पिंजरा गेला की..." एवढं बोलून त्यानं कप पालथा घातला, दुसरा उचलला. तो कधीचाच पुसून झाला होता.

मी आणखी बरंच बोललो. ते लिहिण्यासारखं न्हाई. मग त्याच्याच चुलीवर पाणी तापवून खाचा धुतल्या, घरून करडीचं तेल आणून लावलं. गोधडी उचलून त्याच्या अंगावर फेकली. त्यानं नव्या जिल्ह्यालासुद्धा शिवी दिली न्हाई.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मांजर आत गुरगुरत होतं. सगळं गाव लोटलं. हणमंता ओरडला, "आप्पा, बंदोबस्त मुकम्मल!" लिंबाजी हसला, पण दात नसलेल्या माणसासारखा, ओठांनीच. तेव्हाच पिंजरा गाडीवर चढवला. मांजर डोंगरापल्याड सोडायचं आणि पिंजरा तसाच पुढच्या गावाला. मंडळी बऱ्याच दिवसांनी हसली. मी मिशीला पीळ दिला. आपलं चुकलं असं मला तेव्हा वाटलं न्हाई, आजही वाटत न्हाई. कोंबड्या माझ्या होत्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परसात गेलो तर लिंबाजीच्या अंगणात धूर न्हाई. भिंतीवरून बघितलं. कुणी आलं नव्हतं. पिंजराच न्हाई तर कशाला येतील? पिंजऱ्याच्या जागेवर मातीत चार खड्डे, त्यांच्यासमोर लिंबाजी. गोधडी मांडीवर घडी करून ठेवलेली. चुलीपाशी कान तुटलेले कप रोजच्यासारखे ओळीनं मांडलेले, सगळे.

मला लई राग आला. घरात गेलो, तुऱ्हाट्यांचा भारा काखेत मारला, काड्यापेटी घेतली आणि त्याच्या अंगणात जाऊन भारा आपटला.

"आता काय धरायला आलास?" तो म्हणाला.

"तुझ्यावरचा माझा राग आजून संपला न्हाई," मी म्हणालो. "सरक तिकडं. बसून सांगतो."