सरळ घरी आलेला सुपरहिरो

आमच्या निगडीच्या सोसायटीत तात्या साळुंखे कुणाकडेही बेल वाजवत नाहीत. बोटाच्या पेराने दार वाजवतात, कान देऊन आवाज ऐकतात आणि आपण ‘या’ म्हणायच्या आत निकाल देतात, “वहिनी, बिजागरी सैल हाय. रीवर्क!”

चाकणच्या एका कंपनीत त्यांची हयात मोटारींचे दरवाजे तपासण्यात गेली. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. पपई असो, नवी कढई असो, नाहीतर गच्चीवरची टाकी, आधी टकटक. आवाज मनासारखा आला तर म्हणायचं ‘खणखणीत’. पण या शेऱ्याच्या बाबतीत तात्या महाकंजूष. माझ्या दाराला तो अजून मिळायचा आहे.

त्यांची एकुलती एक लेक स्वाती. लहानपणी चित्र घेऊन आली की तात्या म्हणायचे, “हात आखूड झालाय. रीवर्क.” पोरगी चिवट. रडायची नाही, खोडून परत काढायची. तीच आता हैदराबादला अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत आहे. साळुंखेकाकू गेल्यापासून तात्या घरात एकटेच असतात आणि आमच्या दारांवरची टकटक वाढली आहे. आम्हीही दारं दुरुस्त करायची घाई करत नाही.

परवा स्वातीचा पहिला सिनेमा आला. सुपरहिरोचा, थेटरात न लागता सरळ व्हिडिओवर, घरबसल्या बघायचा. आमचे अध्यक्ष पाटील सहज बोलून गेले, “थेटर मिळालं नाही वाटतं?”

झालं! तात्या तापले. “आवं पाटीलसाहेब, गाडी शोरूमला न जाता सरळ तुमच्या दारात आली, तर काय तिला तीनच चाकं असत्यात? थेटरात माणूस हिरोकडं जातो. हितं हिरो माणसाच्या घरी येतो. पुढं समदे असंच येणार, लिहून ठेवा!”

आणि त्या भरात रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचं त्यांनी जाहीर करून टाकलं. वडापाव त्यांच्याकडून.

रविवारी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. बिजागरीबद्दल चकार शब्द नाही. “वहिनी,” तात्या हळूच म्हणाले, “पोरीचं काम लोकांना आवडंल न्हवं?” हा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

हॉल भरला. तात्या पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. आम्ही सगळे ‘रीवर्क’ची वाट बघत होतो. पडद्यावर सुपरहिरोने पुलावरून कोसळणारी बस झेलली आणि अलगद रस्त्यावर ठेवली. लोक टाळ्या पिटत असताना गर्दीतून एक चष्मेवाला म्हातारा पुढे आला. बसभोवती फिरला, दार बोटाने वाजवलं, कान दिला आणि सुपरहिरोकडे बघून नकारार्थी मान हलवली. बिचारा हिरो ओशाळला आणि सैल दार घट्ट बसवू लागला.

मग अख्खा हॉल तात्यांकडे वळला आणि जो काही हशा उसळला! शिट्ट्या वाजल्या. पाटील तर उभं राहून टाळ्या वाजवत होते. माझाही ऊर असा भरून आला, जणू स्वातीला मीच चित्रं काढायला शिकवलं होतं. तात्या मात्र खाली मान घालून रुमाल शोधत होते.

सिनेमा संपतोय तोच स्वातीचा फोन आला. पाटलांनी तो स्पीकरवर टाकला.

“बाबा, बघितलात? रीवर्क किती निघालं?”

तात्यांनी घसा खाकरला. “खणखणीत हाय, पोरी.” आवाज काही खणखणीत नव्हता.

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर तात्यांनी फर्मान काढलं, “परत लावा. पहिल्यापासनं!”

कोणी उठलं नाही. सिनेमा परत सुरू झाला. तात्यांनी आपली खुर्ची उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून ते आमचे चेहरे बघत बसले. बसचा प्रसंग जवळ आला तेव्हा, मागे वळूनही न बघता, म्हणाले, “हां, आता बघा.”