दोन बोटांची रोवणी

मुलांना शिकवायचं म्हटलं तर मी दगडाचाही फळा करून दाखवतो. निवृत्त झालो तरी मोहाडीची पोरं मला अजून गुरुजीच म्हणतात, त्यामुळे हा दावा खोडायला कोणी आलेलं नाही.

म्हणूनच शाळेचे हेडमास्तर भय्याजी जुने टॅबलेट भंगारात द्यायला निघाले, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "शनिवारपर्यंत थांबा. पोरं यावरच गणित शिकून दाखवतील."

माझी पुतणी तृप्ती नागपुरात मोबाइलचे ॲप बनवते. तिने भाताच्या रोवणीचा खेळ करून दिला. चिमटीत रोपं, म्हणजे आमचे पऱ्हे, उचलायचे, बांधीत म्हणजे खाचरात लावायचे आणि लावता लावता ओळी मोजायच्या. तिच्या नव्या फोनवर खेळ लोण्यासारखा चालला.

शुक्रवारी तो शाळेच्या टॅबलेटवर आला. रीना आणि पिंटूने एकाच काचेवर दोन बाजूंनी बोटं टेकवली. रोवणी कधी कोणी एकट्याने करतं का? रीनाने बोट उचललं मात्र, पिंटूचं रोप टुणकन उडून तिच्या बांधीत!

"गुरुजी, हिनं माहे पऱ्हे चोरले."

"मी कायले चोरू? ते सोताच आले."

मला वाटलं, काच मळली. पंचाने पुसली. मग वाटलं, हात मळलेत. सगळ्यांना हातपंपावर पिटाळलं. ओल्या बोटांनी तर रोपं बेडकांसारखी बांधावरून उड्या मारू लागली, आणि पिंटूने रीनाची वेणी धरली.

भय्याजी दारात उभे. "गुरुजी, रोवणी हाये का कुस्ती? भंगारवाल्याले उद्या दुपारी बोलावून राहिलो."

मी तृप्तीला फोन लावला.

"काका, काचेवर टेकलेल्या बोटांची रांग असते. पहिलं उचललं का दुसरं पहिल्या जागेवर सरकते. नव्या फोनात हे आपोआप सांभाळल्या जाते. जुन्यात मले सांगा लागन, तेच राहिलं."

मी हसलो. रोवणीच्या रांगेतली बाई पाणी प्यायला उठली, की शेजारीण सरकून तिची जागा धरते. म्हणून काय ती आनंदाबाईची चंद्रभागाबाई होते?

"तृप्ती, तू बोटाले जागेवरून हाक मारून राहिली. नावानं मार."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग आवाज आला, "काका, प्रत्येक बोटाले नंबर असते, जागा सरकली तरी तोच. मी तो विचारलाच नाही."

शनिवारी दुरुस्त झालेल्या खेळावर, भय्याजींसमोर, रीना, पिंटू आणि त्यांच्या वर्गातली मेघा अशी तिघं एकदम तुटून पडली. बोटं उठत होती, टेकत होती, पण एकही रोप बांध ओलांडत नव्हतं. वर मेघाने ओळी गुणून एकूण रोपंही सांगितली.

"जितले गुरुजी तुमी," भय्याजी म्हणाले. "भंगारवाल्याले परत पाठवतो. आता तुमी लावून दाखवा बरं."

मी ऐटीत बसलो. पुस्तक धरतो तसा टॅबलेटवर तळवा ठेवला, आणि बोट टेकवलं. पोरांची सगळी बांधी उपटून निघाली.

रीनाने माझं मनगट धरलं. "तळवा उचला, गुरुजी. नुसती बोटं. घाई नोका करू, मी पुन्हा सांगीन."

भय्याजींनी हे पाहिलं. "टॅबलेट राहतीन," ते म्हणाले. "पण शिकवायले रीना."

तेव्हापासून दर शनिवारी मी वर्गात जातो. रीनाबाई जरा कडक आहेत, पण समजावून सांगतात.