मंचावरचं पाणी कुणाचं

"यंदा परिषदेत एक थेंबही इकडचा तिकडे होणार नाही," संयोजकबाईंनी संचालकांना ठामपणे सांगितलं. बोलायला काय जातं! पण त्यात त्यांचा जीव अडकला होता. परिषद बिनबोभाट पार पडली, तर बाईंची संयोजनातून सुटका आणि पुन्हा आपली दवबिंदूंची प्रयोगशाळा, असा शब्द संचालकांनी दिला होता. बाई पार थकल्या होत्या. देशभरचे पाण्याचे शास्त्रज्ञ एका छताखाली बसवायचे म्हणजे जिवाला घोर. भूजलवाले नदीवाल्यांशेजारी बसत नाहीत, हिमनदीवाल्यांना पंख्याची थंडी वाजते आणि समुद्रवाल्यांना बाकीचे सगळे डबक्यातले वाटतात.

उद्घाटनाच्या जरा आधी तेच छत मंचावर गळू लागलं. बाईंनी खाली बादली सरकवली आणि शिपायाला टाकीचा कॉक बंद करायला धाडलं. तर भूजलवाले त्याच्या आडवे आले. झिरपतंय म्हणजे आमच्या विषयात मोडतं, नोंदी घेतल्याशिवाय बंद होणार नाही. बाष्पवाले म्हणाले, हे एसीचं, हवेतून आलेलं, म्हणजे आमचं. समुद्रवाल्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि हिरमुसले. मग सांडपाणीवाल्यांनी शांतपणे वास घेतला आणि ओळखीचं कुणी भेटल्यासारखे हसले. समुद्रवाल्यांनी घाईघाईने चूळ भरायला पाणी मागितलं.

पाणी होतं कुठे? नमुन्यांसाठी पाहुण्यांच्या बाटल्या केव्हाच कुंडीत ओतून झाल्या होत्या.

"अहो, निदान एक तरी भरलेली ठेवायची," बाई काकुळतीने म्हणाल्या.

"सगळ्या भरल्यात की," भूजलवाले म्हणाले. "लेबलं लावायची राहिलीत तेवढी."

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, बोलायला उभे राहिले आणि त्यांना ठसका लागला. समोरची बाटली त्यांनी उचलली, तोंडाला लावली आणि बाई पोहोचेपर्यंत अर्धी संपवली. देशाचं अख्खं जलविज्ञान मंचावर धावलं. कुणी त्यांची नाडी धरली, कुणी उरलेल्या अर्ध्या बाटलीसाठी भांडलं. बाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

देवाने ऐकलंही. पाहुण्यांना काही झालं नाही. उलट इतक्या शाखांची माणसं एकाच पाण्यामागे धावताना पाहून त्यांचा ऊर भरून आला.

संध्याकाळी बाई बोलणी खायच्या तयारीने संचालकांकडे गेल्या.

"पाहुणे भलतेच खूश आहेत," संचालक म्हणाले. "पुढची परिषदही याच बाईंनी घ्यावी म्हणाले. आता तुम्हाला कसा सोडू?"

बाई दाराशी पोहोचल्या.

"आणि बाई, तेवढं छत दुरुस्त करून घेऊ नका."