भंगारशेठचा माल पोहोचला

मुख्य कार्यालयातले साहेब, माझ्या सासऱ्यांच्या घरात तुटक्या खुर्च्या तुम्ही घुसवल्यात. मी नाही! चारचौघांत मला 'गोंधळ्या' म्हणायचं आणि आपण मात्र काचेच्या केबिनमध्ये गार हवा खात बसायचं, हे आता खपवून घेणार नाही. काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगतो.

आमचा खुर्च्यांचा कारखाना. गोदामातला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि स्वभाव रिटायर झालेल्या हेडमास्तरांचा. माउस हलवला तर ओळखही दाखवत नसे! पण त्याची नस न् नस मला ठाऊक. त्याची एकच खोड होती. साठ्यातून खुर्ची कमी करायची, तर ती कुणाला तरी विकलेलीच असली पाहिजे. पाय मोडला, पाठ निखळली, असल्या कारणांना तिथे जागाच नव्हती.

मग मी डोकं चालवलं. एक गिऱ्हाईक जन्माला घातलं. नाव ठेवलं भंगारशेठ! मोडकी खुर्ची निघाली की चढव भंगारशेठच्या नावावर फुकटात, आणि टाक मागच्या शेडमध्ये. फक्त पत्ता आणि फोन नंबर दिल्याशिवाय ते यंत्र पुढे सरकेना. स्वतःचा द्यायला मी काय वेडा आहे? सासऱ्यांचा दिला.

वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. आणि तुम्ही नवी सिस्टिम आणलीत. सोबत एक सल्लागार, ज्याच्या बुटात बघून भांग पाडावा!

"जुनी सगळी माहिती जशीच्या तशी नवीत जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे. तेवढा भंगारशेठ काढा. तो माणूसच नाही."

"ग्राहकाबद्दल असं बोलू नये. तुमचा सगळ्यात मोठा ग्राहक आहे तो!"

"अहो, पण तो नाहीच!"

"अरेरे. कधी वारले?"

"जन्मलाच नाही हो!"

तेव्हा साहेब, तुम्ही उसासा टाकून म्हणालात, "या लोकांना नवीन काही नकोच असतं." मी पेटलो! नको असतं? "आठवड्यात ही सिस्टिम कोळून पितो, बघाच!" असं ठणकावलं आणि पडद्यावर जे जे विचारलं त्याला 'होय' दाबत सुटलो. वाचायला वेळ कुणाला होता!

इकडे घरी वेगळीच लगबग. बायकोला शिवणवर्ग काढायचा होता. लग्नाआधीपासूनचं तिचं स्वप्न. सासऱ्यांनी नाही-होय करत अखेर आपली पुढची खोली द्यायचं कबूल केलं. शिलाई मशिनं टेम्पोत घालून आम्ही थाटात त्यांच्या दारी पोहोचलो, तर समोर आमच्याच कारखान्याचा ट्रक!

नव्या सिस्टिमला म्हणे पहिल्याच दिवशी धक्का बसला. एवढं मोठं गिऱ्हाईक आणि त्याला आजवर एकही खुर्ची पोहोचलेली नाही! तिने लगेच सगळा माल रवाना केला.

"अरे, मोडक्या खुर्च्या कुणी पाठवतं का?" मी हमालावर ओरडलो.

"दादा, साहेबांनी सांगितलंय. पडद्यावर दिसेल ते चढवायचं, डोकं लावायचं नाही!"

सासरे फोन नाचवत बाहेर आले. निवृत्त बसचालक, आवाज अजून हॉर्नसारखाच.

"जावईबापू! 'माननीय भंगारशेठ, उशिराबद्दल क्षमस्व' असा मेसेज आलाय मला. भंगारशेठ कोण?"

"मामा, ते... कंपनी मान देते मोठ्या माणसांना."

"अहो, माझी खोली!" बायको किंचाळली. खोलीत छतापर्यंत खुर्च्या. उताण्या झुरळांसारखे पाय वर!

तेवढ्यात मामांनी त्यातलीच एक ओढून बूड टेकवलं. काड्कन आवाज झाला. मी डोळे मिटले. आता खोली गेली, शिवणवर्ग गेला, बहुतेक बायकोही गेली!

"स्क्रू ढिलाय," मामा जमिनीवरूनच म्हणाले. "पक्कड आण."

मी ताबडतोब तुम्हाला फोन केला. उत्तर आलं की माल परत न्यायचा तर ग्राहकाने स्वतः तक्रार करावी.

"मामा, तेवढी तक्रार करा ना."

"कसली तक्रार? किती दिवसांनी हाताला काम मिळालंय!"

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "राहू देत हो खुर्च्या. निवृत्त झाल्यापासून दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसत होते. आता कुठे श्वास घेतेय!"

वर मामांनी तुमच्या सिस्टिमला पाचच्या पाच तारे दिले. तेव्हापासून ती खूश होऊन त्यांना आणखी मोडका माल धाडतेच आहे! मामांनी दुरुस्त केलेली प्रत्येक खुर्ची वळणावरच्या बससारखी डावीकडे कलते. पण माणूस असा खुललाय, की परवा मला चक्क "शाब्बास" म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच!

बायकोचा शिवणवर्गही सुरू झालाय. आमच्या घरी. पुढच्या खोलीत मशिनं, मधल्या खोलीत कापडं, पलंगावर बेतणं-कापणं. हौशी बाया येतात, बायको गुणगुणत असते. तिचं हसू बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? फक्त जागा करायला तिने आमच्या धडधाकट खुर्च्या तिच्या माहेरी पाठवून दिल्या, आणि मी दमून घरी आलो की जिन्यात बसतो.

तेव्हा साहेब, टोलवाटोलवी बंद! आयुष्यभर खुर्च्या मोजणाऱ्या माणसाने बसायचं कुठे? उत्तर द्या!